पोटासाठी कुठलं इंजेक्शन: आठवड्याचं की चरबी विरघळवणारं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, उंची १५८ सेंमी, वजन ७१ किलो, कंबर ९२ सेंमी, पीसीओडी आहे आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१ आलंय. फेब्रुवारीत भावाचं लग्न, म्हणजे हातात चार महिने. दादरच्या एका ब्यूटी क्लिनिकने पोट आणि डबल चिन दोन्हींसाठी 'फॅट डिझॉल्व्हिंग'च्या सहा सेशनचं पॅकेज सुचवलंय. ऑफिसातली मैत्रीण मात्र आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन चांगली बारीक झालीये. दोन्हींतलं चांगलं कुठलं, आणि दोन्ही एकदम घेतली तर फरक लवकर दिसेल का?

दोन्ही सुईनेच घ्यायची आणि दोन्ही पोटावर टोचतात, म्हणून ती एकाच रांगेत ठेवली जातात. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. आठवड्याचं इंजेक्शन, म्हणजे वेगोव्ही किंवा मौंजारोसारखं भूक कमी करणारं औषध, पोटावर टोचलं तरी पोटाच्या चरबीवर तिथल्या तिथे काहीच करत नाही. तेच मांडीत किंवा दंडात घेतलं तरी परिणाम तोच. औषध रक्तात जातं, मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवर आणि जठरावर काम करतं, आणि माणूस कमी खातो. चरबी विरघळवणारं इंजेक्शन याच्या उलट: जिथे टोचलं तेवढ्याच जागेतल्या पेशी मारतं, आणि वजनकाट्यावर त्याचा काही फरक पडत नाही. म्हणून 'चांगलं कुठलं' याच्या आधी तुमचा त्रास वजनाचा आहे की एखाद्या जागेचा, हे ठरवायला हवं.

तुमच्या आकड्यांवरून उत्तर बरंचसं स्पष्ट आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८.४ येतो. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंमीच्या वर गेली की पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी वाढल्याचं धरतात. तुमची ९२ आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हे चित्र आतल्या चरबीचं आहे. ती स्नायूंच्या मागे असते, चिमटीत येत नाही आणि कातडीखाली दिलेलं कुठलंही इंजेक्शन तिथवर पोचत नाही. आडवं झोपून बघा: पोट बऱ्यापैकी सपाट होऊन फक्त मऊ वळी हातात आली तर कातडीखालची चरबी जास्त, झोपल्यावरही पोट घट्ट आणि उंचच राहिलं तर आतली. बहुतेकींचं दोन्ही थोडंथोडं असतं, पण कुठलं जास्त त्यावर पुढचं अवलंबून.

आता पॅकेजचा हिशेब. चरबी विरघळवण्यासाठी ज्याचा नीट अभ्यास झालाय ते औषध म्हणजे डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. पित्तात असतं तेच आम्ल, जेवणातलं तूप-तेल फोडणारं. कातडीखाली दिलं की चरबीच्या पेशीचं आवरण फुटतं, आत जमलेली चरबी बाहेर पडते, त्या जागी सूज येते आणि पुढचे काही आठवडे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो कचरा उचलतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, त्याला एप्रिल २०१५ मध्ये मान्यता दिली, ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. मात्रा ठरलेली आहे: १ मिलीत १० मिग्रॅ औषध, दर १ सेंमी अंतरावर ०.२ मिलीचा एक टोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २ मिग्रॅ. एका बैठकीत जास्तीत जास्त ५० टोचे, म्हणजे १० मिली. दोन बैठकींत किमान एक महिना, आणि एकूण सहापेक्षा जास्त नाहीत.

हाच हिशेब पोटाला लावून बघा. नाभीखालचं पोट २० सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच धरलं तर ३०० चौरस सेंमी झालं. त्याला ६०० मिग्रॅ लागेल, म्हणजे ६० मिली, म्हणजे २ मिलीच्या ३० कुप्या, तेही फक्त एका बैठकीला. मान्य मर्यादेच्या सहापट. शिवाय पोटावरचा थर हनुवटीपेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे तेवढ्यानेही वरवरचाच भाग जाईल. मग सहा सेशनच्या पॅकेजमध्ये पोटावर काय देतात? एक तर औषध इतकं पातळ केलेलं असतं की काही होत नाही, किंवा ते वेगळंच काहीतरी असतं. दुसरी शक्यता जास्त काळजीची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा मान्यता नसलेल्या इंजेक्शनांविरुद्ध इशारा दिला, त्यात अ‍ॅक्वालिक्स, लिपोडिझॉल्व्ह, लिपो लॅब आणि कॅबेलिन ही नावं होती. कायमचे व्रण, जंतुसंसर्ग आणि खोल दुखऱ्या गाठी अशा तक्रारी आल्या होत्या.

गाठींबद्दल थोडं खोलात सांगते, कारण त्या फार उशिरा ओळखल्या जातात. सुई, कुपी किंवा कातडी साफ करताना नळाचं पाणी वापरलं गेलं, किंवा एकच कुपी चार जणींना पुरवली, तर टीबीच्या जातकुळीतले पण टीबी नसलेले जंतू आत जाऊ शकतात. टोचल्यावर लगेच काहीच दिसत नाही. दोन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी टोचल्याच्या जागी लालसर, टणक गाठी येतात, फुटतात, वाहतात. नेहमीचं अँटिबायोटिक पाच दिवस घेऊन त्या जात नाहीत. गाठीतला तुकडा किंवा पू खास कल्चरला पाठवावा लागतो आणि औषधं महिनोन्महिने चालतात. टोचल्यानंतर इतक्या दिवसांनी गाठ आली तर डॉक्टरांना 'मी इंजेक्शनं घेतली होती' हे आधी सांगा. बऱ्याच जणी संकोचाने सांगत नाहीत आणि निदान तिथेच अडतं.

बी१२, मेथिओनाइन, इनॉसिटॉल, कोलिन किंवा एल-कार्निटीनचं मिश्रण 'फॅट बर्नर' म्हणून देतात, त्याने वजन उतरतं याचा चांगला पुरावा नाही. बी१२ खरोखर कमी असेल तर बी१२ घ्या, वजनासाठी नको.

आता हनुवटी, कारण तिथे या इंजेक्शनला खरी जागा आहे. पण प्रत्येक डबल चिन चरबीची नसते. मी तपासते ते असं: आधी खालच्या ओठाचे कोपरे खाली ताणून मानेच्या पुढचा पातळ स्नायू घट्ट करायला सांगायचं. तसं केल्यावरही चिमटीत चरबी नीट धरता आली तर ती स्नायूच्या वर आहे आणि औषध तिथे पोचेल. स्नायू घट्ट होताच चिमटीतून निसटली तर ती स्नायूच्या खाली आहे, आणि तिथे हे औषध द्यायचं नाही. मग कातडी ओढून सोडायची. हळू परतत असेल तर ती सैल आहे, आणि चरबी गेल्यावर लोंबेल. बाजूने बघायचं: हनुवटीचं हाडच मागे असेल तर चरबी काढूनही कोन येत नाही. आणि थायरॉइड, लाळग्रंथी, गाठी चाचपल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. ज्या ठिकाणी बसून, मान वर करून कोणी हात लावून तपासलं नाही आणि थेट पॅकेजचा कागद पुढे सरकवला, तिथून उठून या.

टोचताना सगळं खोलीवर असतं. सुई सरळ, चरबीच्या थराच्या मध्यावर. फार वर राहिली तर औषध कातडीत जातं आणि कातडी काळी पडून व्रण होतो. जबड्याच्या कडेला फार जवळ गेली तर ओठाचा कोपरा खाली ओढणारी नस दुखावते आणि हसताना तोंड वाकडं दिसतं. चाचण्यांत हे साधारण शंभरात चौघांना झालं आणि बहुतेकांचं सुमारे सहा आठवड्यांत आपोआप भरून आलं. म्हणूनच लग्नाच्या तोंडावर हे करू नये. तोंड वाकडं झालं नाही तरी सूज जवळपास सगळ्यांनाच येते, पहिले दोन-तीन दिवस गळा बेडकासारखा फुगतो, त्यानंतर तो भाग टणक आणि बधिर लागतो, तो कित्येक आठवडे. लग्न फेब्रुवारीत असेल तर शेवटची बैठक डिसेंबरच्या मध्यापर्यंत आटपायला हवी, आणि बहुतेकांना दोन ते चार बैठका लागतात. वेळेचं गणित काठावरचं आहे.

पण तुम्हाला मी हनुवटीही आत्ता करू नका असंच सांगेन. वजन उतरायला लागलं की चेहरा आणि गळा लवकर उतरतात. आधी इंजेक्शनने चरबी काढली आणि मागून आठ-दहा किलो गेले, तर गळ्याची कातडी रिकामी लोंबते, आणि त्यावर इंजेक्शनचा इलाज नाही. आधी वजन, ते तीन-चार महिने एका जागी थांबलं की मग हनुवटी. तोवर निम्म्या जणींना त्याची गरज उरत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

आता आठवड्याचं इंजेक्शन. भारतात सध्या दोन नावं मुख्य आहेत: टिर्झेपॅटाइड (मौंजारो, मार्च २०२५ पासून) आणि सेमाग्लुटाइड (वेगोव्ही, जून २०२५ पासून). आतड्यातून जेवणानंतर निघणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची ही नक्कल. शरीरातलं मूळ संप्रेरक दोन-तीन मिनिटांत मोडतं. सेमाग्लुटाइडला अर्धं व्हायला जवळपास आठवडा लागतो, टिर्झेपॅटाइडला पाच दिवस. टिर्झेपॅटाइड जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं. दोघांची समोरासमोर तुलना करणारी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली: ७२ आठवड्यांत टिर्झेपॅटाइडवर सरासरी २०.२ टक्के वजन उतरलं, सेमाग्लुटाइडवर १३.७ टक्के. कंबर अनुक्रमे १८.४ आणि १३ सेंमीने कमी झाली. कंबरेचा हा आकडा नीट वाचा. पोटासाठी इंजेक्शन हवं असेल तर ते हे आहे.

दोन्ही औषधं बीएमआय ३० किंवा जास्त असेल, अथवा २७ किंवा जास्त आणि सोबत वजनाशी जोडलेला आजार असेल तर देतात. २८.४ आणि साखरेचा उंबरठा, म्हणजे तुम्ही त्यात बसता. निर्णय एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टचा, माझ्यासारख्या त्वचारोग-कॉस्मेटिकवाल्यांचा नाही. सुरू करण्याआधी साखर, लिपिड, लिव्हर, क्रिएटिनिन, टीएसएच आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. पित्ताशयात खडे आधीच असतील तर ते कळायला हवेत, कारण वजन भराभर उतरताना खडे होतात आणि असलेले त्रास देतात. घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडचा एक विरळा कॅन्सर) किंवा मेन-२ (अनेक ग्रंथींत गाठी होणारा आनुवंशिक आजार) असेल तर ही औषधं घ्यायची नाहीत. थायरॉइडची साधी गोळी चालू असणं ही अडचण नाही. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

पीसीओडी असल्यामुळे एक गोष्ट ठळक सांगते. वजन उतरलं की पाळी आणि बीजनिर्मिती सुधारते, आणि नको असताना दिवस जातात. गर्भारपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं, टिर्झेपॅटाइड किमान एक महिना आधी. पीसीओडीसाठी गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर टिर्झेपॅटाइड सुरू केल्यावर चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, कंडोमही वापरा. पोट हळू रिकामं होत असल्याने गोळी पुरती शोषली जात नाही.

मात्रा पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. सेमाग्लुटाइड ०.२५ मिग्रॅ, ०.५, १, १.७ आणि २.४, प्रत्येक पायरीवर चार आठवडे. टिर्झेपॅटाइड २.५ पासून, चार आठवड्यांनी ५, आणि गरज पडली तर पुढे दर चार किंवा जास्त आठवड्यांनी २.५ वाढवत कमाल १५. म्हणजे सेमाग्लुटाइडची पूर्ण मात्रा तुम्हाला सतराव्या आठवड्यात मिळेल, लग्नाच्या सुमारास. लग्नासाठी पायऱ्या गाळू नका. 'मैत्रिणीचं ५ चालू आहे, मीही तिथूनच घेते' यातूनच उलट्या, पाणी कमी पडणं आणि सलाइन हे घडतं.

मळमळ पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते. सकाळी लोकलने ये-जा करणाऱ्यांना मी शुक्रवारी रात्रीचा वार धरायला सुचवते, म्हणजे वाईट दिवस शनिवार-रविवारी जातात. ताट अर्ध्यावर आणा आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबा. जठर हळू रिकामं होतं, त्यामुळे तळलेलं तासन्‌तास वर येत राहतं: साबुदाणा वडा, चकली, वडापाव या दिवसांत फारच त्रास देतात. चतुर्थीला दिवसभर उपास करून रात्री मोदकांचं जेवण, हेही टाळा. पाणी घोटघोट पण दोन-सव्वादोन लिटर व्हायला हवं, आणि बद्धकोष्ठासाठी पहिल्या आठवड्यापासूनच इसबगोल.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष प्रथिनांकडे होतं. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, मोठ्या चाचण्यांत साधारण पंचवीस ते चाळीस टक्के. भूकच नसते, मग बाई चहा-बिस्किटं आणि अर्ध्या पोळीवर दिवस काढते. केस गळतात, जिना चढताना पाय भरून येतात. तुमच्यासाठी रोज ७५ ग्रॅमच्या आसपास धरा. दोन अंडी १२, पनीर १०० ग्रॅममध्ये १८, कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅममध्ये २६, घट्ट वरणाच्या दोन वाट्या १२, दह्याची वाटी ५. मासे खात असाल तर १०० ग्रॅम सुरमईत २० मिळतात आणि पोटालाही हलके. जेवताना हे आधी, भात-पोळी नंतर. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. फक्त चालून स्नायू राहत नाहीत.

वरच्या पोटात जोरात दुखून पाठीत कळ गेली आणि उलट्या थांबेनात, तर पुढचा डोस न घेता थेट हॉस्पिटल गाठा, स्वादुपिंडाला सूज आली असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखलं तर पित्ताशय. डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. कुठलंही ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूलतज्ज्ञांना या औषधाबद्दल आधी सांगा, कारण उपाशी असूनही जठरात अन्न उरलेलं असतं.

खर्च सेशनचा नाही, वर्षाचा धरा. मौंजारो आलं तेव्हा २.५ मिग्रॅची कुपी ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५ होती, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५००. वेगोव्हीची किंमत २०२५ मध्येच उतरली, आणि सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे विकत घेण्याआधी त्या दिवसाचा भाव आणि पर्याय दोन-तीन केमिस्टांकडे विचारा. पण चार महिन्यांचे पैसे साठवून सुरू करू नका. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग परत आला, हे चाचणीत मोजलं गेलंय. लग्नापुरतं घेऊन सोडायचं असेल तर पुढच्या दिवाळीला तुम्ही जवळजवळ आहे तिथेच असाल, आणि गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. बाहेर ठेवलंच तर ३० अंशांच्या आत, तेही पत्रकात दिलेत तेवढेच दिवस. मुंबईत ऑक्टोबर आणि मेमध्ये खोलीचं तापमान तेवढ्यावर राहत नाही, म्हणून पेन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला चिकटून नको; गोठलेलं औषध वितळलं तरी फेकायचं. केमिस्टकडून घेताना थंड पिशवीत, पक्क्या बिलावर. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. इन्स्टाग्रामवर पावडरच्या कुप्या 'पाणी घालून स्वतः टोचा' म्हणून विकतात, त्यांना हातही लावू नका.

दोन्ही एकदम घेण्याबद्दल: औषधं एकमेकांशी भांडतात असं नाही, पण सूज, मळमळ आणि कमी खाणं एकाच वेळी आलं की काय कशामुळे होतंय ते कळत नाही, आणि हनुवटीची मोजणी बदलत्या वजनावर करता येत नाही.

दादरच्या क्लिनिकला अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर परत जाऊन कुपी दाखवायला सांगा. त्यावर औषधाचं नाव, मिलीत किती मिग्रॅ, बॅच नंबर, मुदत, उत्पादकाचा परवाना क्रमांक, आणि परदेशी असेल तर आयातदाराचं नाव व आयात परवाना क्रमांक असायलाच हवा. टोचणाऱ्याचं नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. फक्त कोरियन किंवा इंग्रजी रंगीत खोकं दाखवलं, परवाना क्रमांक नाही, तर पैसे लेखी अर्ज देऊन परत मागा आणि खोक्याचा फोटो काढून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आणि याच आठवड्यात फिजिशियनची वेळ घेऊन वर लिहिलेल्या तपासण्या उरकून टाका. रिपोर्ट आले की आकडे इथे टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.